गोतावळ्याने बाळाकडे यावं

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमचं पहिलंच बाळ आत्ता पाच महिन्यांचं आहे. डिसेंबरच्या शेवटी चार आठवड्यांसाठी भारतात यायचं चाललंय, तेव्हा ते आठ महिन्यांचं असेल. सासर साताऱ्याचं, माहेर कोल्हापूरचं. नवऱ्याची आजी 88 वर्षांची आहे, तिने पणतूला फक्त फोनवर पाहिलंय. सासूबाईंनी सगळा कार्यक्रम आखूनही ठेवला: आधी सातारा, मग जेजुरीला कुलदैवताचं दर्शन आणि तिथेच जावळ, पुण्यात दोन नणंदांकडे, नागपूरला मामेसासऱ्यांकडे, मग कोल्हापूर, आणि संक्रांतीला परत साताऱ्यात बोरन्हाण. 'एवढं नको' म्हटलं तर 'आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?' असं ऐकून घ्यावं लागलं. नवरा म्हणतो, चार आठवड्यांचाच तर प्रश्न आहे, जमवून घे. इथल्या मैत्रिणी म्हणतात, दोन वर्षांचं होईपर्यंत नेऊच नकोस. आजींना बाळ दाखवायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, पण भीतीने झोप लागत नाही. काय करू?
– एक आई, एडिसन

प्रिय मैत्रिणी,

ये. दोन वर्षं थांबू नकोस. 88 वर्षांच्या आजींना 'पुढच्या वर्षी येतो' असं कुणाच्या भरवशावर सांगणार? आणि आठ महिने हे प्रवासासाठी वाईट वय नाही. अंगावर पिणारं, जेमतेम रांगायला लागलेलं बाळ विमानात सांभाळणं हे दीड वर्षाच्या पळत्या पोरापेक्षा पुष्कळ सोपं असतं.

मात्र सासूबाईंनी आखलेला कार्यक्रम तसाच्या तसा स्वीकारू नकोस. तुझ्या पत्रातली भीती मला विमानाची वाटली नाही, पाण्याची किंवा डासांचीही वाटली नाही. ती या पाच गावांच्या फेरीची आहे आणि ती रास्त आहे. हिवाळ्यात न्यू जर्सीच्या आणि आपल्या घड्याळात साडेदहा तासांचं अंतर असतं. पहिला आठवडाभर बाळ रात्री एक-दोनला टक्क जागं होऊन खेळायला मागणार आणि भर दुपारी गाढ झोपणार. सकाळची उन्हं अंगावर पडली, आंघोळ आणि जेवण ठरल्या वेळी झालं, की आठवड्याच्या शेवटी ते कसंबसं इथल्या दिवसाला लागतं. नेमकं तेव्हाच त्याला उचलून पुण्याला, तिथून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला नागपूरला न्यायचं म्हटलं तर रोज नवी खोली, नवा पाळणा, नवं पाणी आणि नवे वीस चेहरे. आजारपणं बहुतेक अशाच धावपळीत येतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: बाळाने एका घरी राहावं आणि गोतावळ्याने त्याच्याकडे यावं. पहिले दोन आठवडे सातारा. मग आठ-नऊ दिवस कोल्हापूर. ते मात्र गाळायचं नाही, तुझ्या आईवडिलांचा त्या नातवावर तेवढाच हक्क आहे. कोल्हापूरहून मुंबईला जाताना सातारा वाटेवरच आहे, तेव्हा संक्रांतीला परत त्याच ओळखीच्या घरात यायचं आणि तिथून विमानतळ. पुण्याच्या नणंदा दोन-तीन तासांत साताऱ्याला पोचतात. नागपूरचे मामेसासरे येऊ शकले तर आनंदच, नाहीतर त्यांना पुढच्या खेपेला भेटता येईल. दुसऱ्या आठवड्यातला एखादा रविवार ठरवा, अकरा ते चार, ज्यांना बाळ बघायचंय त्यांनी त्या दिवशी जेवायला यावं. कार्यालय नको, स्पीकर नको. घरातच, म्हणजे बाळ कंटाळलं की आतल्या खोलीत नेऊन निजवता येईल आणि पाहुण्यांची जेवणंही थांबणार नाहीत.

जेजुरीचं सांगते. गडाच्या पायऱ्या, गर्दी आणि हवेत उधळलेला भंडारा हे आठ महिन्यांच्या बाळाच्या डोळ्यांना आणि श्वासाला सोसणारं नाही. एखाद्या साध्या वारी सकाळी लवकर तुम्ही नवरा-बायको आणि सासूबाई जाऊन या, तळी भरा, बाळाच्या नावाने नारळ द्या. तेवढा वेळ त्याच्याजवळ तुझ्या आईला बोलावून घे. जावळ तर कित्येक घरांत तिसऱ्या वर्षी काढतात. त्याची घाई करण्याचं काही कारण मला दिसत नाही.

हे सासूबाईंना सांगायचं कोणी? तुझ्या नवऱ्याने, आणि तेही तिकिटं काढायच्या आधी. सुनेने सांगितलं तर तो उद्धटपणा ठरतो, मुलाने तेच सांगितलं तर काळजी ठरते. हे योग्य नाही, पण या चार आठवड्यांत ते बदलणारही नाही, आणि त्याची किंमत तू एकटीने मोजावीस असं मला वाटत नाही. 'जमवून घे' असं म्हणून त्याला मोकळं होता येणार नाही. आजी त्याची आहे, आई त्याची आहे, बाळ दोघांचं आहे. त्याने फोन करून सरळ म्हणावं, 'आई, आजीला पणतू मांडीवर देता यावा म्हणून येतोय. दोन आठवडे आम्ही तुझ्याच घरी आहोत, कुठेही जाणार नाही. ज्यांना भेटायचंय त्यांना तूच बोलाव.' सासूबाईंच्या बाजूने विचार केलास तर तुला कळेल की ही त्यांच्यासाठी वाईट बातमी नाही. एवढा भरगच्च कार्यक्रम त्यांनी आखला, कारण वर्षा-दोन वर्षांत त्यांना हे चारच आठवडे मिळतात. फेरी रद्द झाली की तोच वेळ त्यांना नातवाबरोबर मिळतो.

आणि तो वेळ त्यांना खऱ्या अर्थाने दे. सकाळची आंघोळ त्यांची. मऊ भात, वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व त्यांच्या हातचं, फक्त वर्षाच्या आत मीठ आणि साखर-गूळ नको. तेलाने मालीशही करू देत, हलक्या हाताने आणि तू शेजारी असताना. मालीशवाल्या बाई येणार असल्या तर हातपाय ओढणं, नाकाकानात तेल सोडणं आणि आंघोळीनंतरची धुरी या तीन गोष्टी नाहीत, एवढं आधी सांगून ठेव.

काही बाबतींत मात्र वाटाघाट नको. पहिली म्हणजे मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही, गुटीतूनही नाही. मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात ती रुजतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. दुसरी म्हणजे डोळ्यांत काजळ. त्यात शिसं निघाल्याची उदाहरणं आहेत आणि बोटाबरोबर डोळ्यांत जंतूही जातात. दृष्ट लागू नये म्हणून तीट हवीच असेल तर ती टोपड्यावर लावा. तळपायाला लावू नका, आठ महिन्यांचं बाळ स्वतःचा पाय तोंडात घालतं. तिसरी म्हणजे पापे. येणाऱ्या प्रत्येकाने आधी साबणाने हात धुवायचे, आणि तोंडाचे-हातांचे पापे नाहीत. सर्दी, ताप असलेल्याने त्या दिवशी लांबूनच बघायचं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या माणसाने, मग तो कितीही जवळचा असो, तपासणी होईपर्यंत बाळाला घ्यायचं नाही. आपल्याकडे क्षयरोग आहे, आणि इथल्या बाळांना जन्मल्यावर जी बीसीजीची लस टोचतात ती अमेरिकेत देत नाहीत. हे सगळं दारात उभं राहून प्रत्येकाला सांगायची वेळ तुझ्यावर येऊ नये. नवऱ्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर आधी लिहावं, 'डॉक्टरांनी सांगितलंय' अशा सुरुवातीने. ते खरंही असेल, कारण तुमचे डॉक्टर हेच सांगतील.

बोरन्हाण जरूर करा. काळं झबलं, हलव्याचे दागिने, फोटो, सगळं होऊ दे. पण बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, हलवा, चुरमुरे, यातली एकेक वस्तू आठ महिन्यांच्या बाळाच्या घशात अडकू शकते, आणि या वयात हाताला लागलेलं सगळं तोंडातच जातं. त्याच्या डोक्यावरून फुलांच्या पाकळ्या सोडा, ओवाळा, आणि त्याला कडेवर उचलून बाजूला व्हा. बोरं आणि गोळ्या मग घरातल्या मोठ्या मुलांवर पडू देत, वेचणारीही तीच असतात. हलव्याचे दागिने फोटो झाल्याबरोबर काढायचे. आणि बाळाला पुन्हा जमिनीवर सोडण्याआधी कोणीतरी गुडघ्यांवर बसून खोली झाडायची, सोफ्याच्या खालीसुद्धा.

ज्याने मन दुखावू शकतं असं एक तुला आधीच सांगून ठेवते. आठव्या-नवव्या महिन्यात बाळांना आपली माणसं आणि परकी माणसं वेगळी ओळखू येऊ लागतात. ज्या पणजीसाठी तुम्ही एवढ्या लांबून येताय, तिच्या हातात देताच ते टाहो फोडेल. मग कोणीतरी म्हणणार, 'तिकडे माणसांची सवयच नाही हो त्याला', आणि तुझ्या डोळ्यांत पाणी येणार. हे वाढीचं लक्षण आहे. तुझ्या संगोपनात काही कमी आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. आजींना फोनवरच समजावून ठेव की पहिले दोन दिवस घ्यायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. तू सतरंजीवर बाळाला घेऊन बस, आजींना शेजारी खुर्ची दे, त्यांच्या हातात वाटी-चमचा असू दे. बाळाकडे टक लावून बघायचं नाही, आपलं वाजवत राहायचं. ते आपण होऊन सरकत जाईल. आतापासून तीन महिने आहेत. रोज व्हिडिओ कॉलवर आजींनी एकच बडबडगीत त्याच चालीत म्हणावं. चेहरा पडद्यावर नीट कळो न कळो, आवाज ओळखीचा होतो. साताऱ्यात तोच आवाज कानावर पडला की निम्मं काम झालेलं असेल.

आता लशींचं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारायचे प्रश्न म्हणून घे, पण विचार याच महिन्यात. अमेरिकेत गोवराची लस एरवी वर्षानंतर देतात. परदेशी जाणाऱ्या 6 ते 11 महिन्यांच्या बाळाला मात्र तिचा एक डोस आधी द्यावा अशी तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची शिफारस आहे, आणि प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी तो झालेला बरा. तो नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत, ते वर्षानंतर पुन्हा घ्यावेच लागतात. हिपॅटायटिस ए च्या लशीचंही याच वयासाठी असंच आहे. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर सुरू होते आणि पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने तिचे दोन डोस लागतात, म्हणजे तुमचं वेळापत्रक जेमतेम बसतंय. सहाव्या महिन्याच्या नेहमीच्या लशी चुकवू नका, त्यात डांग्या खोकल्याची आहे. विषमज्वराची लस अमेरिकेत दोन वर्षांखालच्या मुलांना मिळत नाही, म्हणून पाण्याची काळजी हाच उपाय: चांगलं उकळून गार केलेलं पाणी, बाळाची वाटी-चमचा धुवायलाही तेच. डासांसाठी मच्छरदाणी, आणि ती दिवसाच्या झोपेलाही, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. बाळाच्या खोलीत कॉइल जाळू नका.

औषधांबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे चांगले शिकलेले आईबाप गोंधळतात. तापाचं जे औषध तुम्ही अमेरिकेत बाळांना देता त्यात 5 मिलिलिटरमध्ये 160 मिलिग्रॅम औषध असतं. ते आणि आपलं पॅरासिटामॉल एकच. पण आपल्याकडच्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे जवळपास तिप्पट. सिरपची बाटली घेतली तर तिचं प्रमाण आणखी निराळं. रात्री दोनला ताप चढलाय, कोणीतरी मेडिकलमधून बाटली आणलीय आणि तुम्ही तिकडच्या सवयीने 'अर्धा चमचा' ओतताय, असं व्हायला नको. तुमची नेहमीची बाटली आणि तिच्याबरोबरची सिरिंज आणा, आणि निघायच्या आधी बाळाचं वजन करून किती द्यायचं ते डॉक्टरांकडून मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. खोकल्याचं सिरप कोणी कितीही आग्रहाने दिलं तरी नको. मध्य प्रदेशात दूषित सिरपने मुलं दगावल्यावर ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं सांगितलं आहे. जुलाब लागलेच तर ओआरएसची पुडी, पण ती पुडीवर लिहिलेल्या पूर्ण मापात, बहुधा एक लिटर पाण्यात, एकदम विरघळवायची. ग्लासभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकून नाही. आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल, यातलं काहीही दिसलं तर सरळ दवाखाना. साताऱ्यातल्या एका आणि कोल्हापुरातल्या एका बालरोगतज्ज्ञांचा नंबर आत्ताच मिळवून ठेव. हे काम सासऱ्यांना सांग, ते आनंदाने करतील.

प्रवासाचं फार काही नाही. थेट विमान मिळालं तर पंधरा-सोळा तास. पुढच्या भिंतीलगतच्या जागा आणि तिथे अडकवायची पाळण्याची टोपली मोजक्याच असतात, म्हणून तिकीट काढल्या दिवशीच फोन करून मागून घे आणि वजनाची मर्यादा विचार. विमान उतरताना बाळाला पाजत राहा, गिळण्याने कानाचा दडा सुटतो. विमानतळावरच्या तपासणीत आईचं दूध आणि फॉर्म्युला 100 मिलिलिटरच्या नियमातून वगळलेले आहेत, फक्त आधी सांगायचं.

खरा धोका मुंबईत उतरल्यानंतर आहे. अमेरिकेहून येणारी विमानं पुष्कळदा रात्री-अपरात्री उतरतात, आणि घरचे म्हणतात, 'गाडी घेऊन येतो, सकाळच्या चहाला साताऱ्यात.' दिवसभर काम करून आलेला भाऊ किंवा ड्रायव्हर, रात्रभराचं जागरण, एक्सप्रेस वे आणि पुढे खंबाटकी घाट. असं करू नका. रात्र मुंबईत किंवा पनवेलला काढा आणि उजाडल्यावर निघा. बाळाची कार सीट तिकडूनच आणा, बहुतेक विमान कंपन्या ती वेगळे पैसे न घेता नेतात. गाडीच्या मागच्या सीटला पट्टे आहेत आणि ते सीट कव्हरखाली दडपलेले नाहीत, हे फोनवरच विचारून घ्या. 'मांडीवर घे, हळू चालवतो' हे ऐकायचं नाही. आणि काकाने गल्लीत एक चक्कर म्हणून बाळाला स्कूटरवर पुढे धरून न्यायचं, हेही अजिबात नाही.

कागदपत्रांबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच लागतो. बाळ अमेरिकेत जन्मलंय, तर त्याला तिथला पासपोर्ट लागेल. अर्जासाठी तुम्ही दोघांनी बाळाला घेऊन स्वतः जायचं असतं, आणि साध्या अर्जाला चार ते सहा आठवडे, टपालाचे दिवस वेगळे. फोटोसाठी बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणं ठेवून वरून काढा. पासपोर्ट आल्यावर भारताचा व्हिसा. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड पुढेमागे नक्की करा, पण या खेपेला त्याच्या भरवशावर राहू नका, ई-व्हिसा काढा. 30 दिवसांचा नको, एक वर्षाचा घ्या, म्हणजे बाळाच्या तापामुळे परतीचं तिकीट पुढे ढकलावं लागलं तरी अडचण नाही. अर्ज भारत सरकारच्या साइटवरच करायचा, पत्त्यात 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते बघ. दिसायला तशाच असलेल्या दलालांच्या साइट पुष्कळ आहेत.

आणि तुमच्या दोघांच्या पासपोर्टवरचे अमेरिकेच्या व्हिसाचे शिक्के आजच काढून बघ. तुम्ही एच-1बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-4 (त्याच्या कुटुंबीयांचा) वर असाल आणि शिक्का संपला असेल, तर परत जाण्याआधी मुंबईतल्या अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत द्यावी लागेल. सप्टेंबर 2025 पासून मुलाखतीशिवाय नूतनीकरणाची सोय बहुतेकांसाठी बंद झाली आहे, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती ऐनवेळी कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीला आलेली माणसं नोकरी तिकडे आणि आपण इकडे अशी अडकली. तुझा शिक्का चालू असेल आणि नवऱ्याचा संपला असेल, तर त्याने या खेपेला न येणं हाही एक पर्याय आहे. बाळाला घेऊन तू आणि सोबतीला घरचं एखादं मोठं माणूस, आणि बरोबर त्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र. दोघांचेही संपले असतील, तर आधी दोघांच्या नोकरीच्या ठिकाणी विचार: अडकलो तर काही महिने इथून काम करता येईल का? त्याचं उत्तर लेखी मिळाल्यावरच तिकिटं काढा.

तुझी,
ताई